लहान डोके आणि आईवरचा ठपका

नळदुर्ग हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. या पट्ट्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. अशा घरात डोके फारच लहान असलेले मूल जन्मले, की बोट आईकडे वळते. ग्रहणात सुरी धरली, काही भलतेच खाल्ले, अशी कारणे शोधली जातात. खरे कारण बहुधा वेगळे असते, आणि ते एकट्या आईकडून आलेले नसते.

पेशीचे विभाजन होताना सेंट्रोसोम नावाचे सूक्ष्म केंद्र दोन टोकांना उभे राहते. तेथून निघणारे धागे गुणसूत्रांची समान वाटणी करतात. गर्भाच्या मेंदूतील मूळ पेशी या वाटणीतूनच वाढतात. 'एएसपीएम' हे प्रथिन त्या धाग्यांच्या टोकाशी काम करते. ते सदोष असेल, तर मूळ पेशींचा साठा लवकर संपतो आणि मेंदू लहान राहतो. या जनुकाचा शोध 2002 मध्ये लागला. सेंट्रोसोमशी निगडित 'एसटीआयएल' जनुकातील दोष बंगळुरूच्या संशोधकांनी 2009 मध्ये भारतीय कुटुंबांत दाखवला.

हे आजार अप्रभावी वारशाचे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल बाधित होते. आईवडील स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका असतो. एक मूल बाधित झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा हिशेब चुकीचा. रक्ताच्या नात्यात एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तरीही नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही सांगितले पाहिजे. डोके लहान असण्यामागे गरोदरपणातला संसर्गही असू शकतो. 2024 मध्ये पुण्यात गर्भवतींमध्ये झिका आढळला, तेव्हा धास्ती याचीच होती.

मग करायचे काय? पहिली गोष्ट फुकटची आहे. जन्मानंतर 24 तासांत टेपने डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहावा. पूर्ण दिवसांच्या मुलाचा घेर 31.9 सेंटिमीटरपेक्षा आणि मुलीचा 31.5 पेक्षा कमी असेल, तर तपासणी हवी. लसीकरणाच्या वेळी पुन्हा मोजावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीपर्यंत पोहोचतात. संशयित मूल तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायला हवे. मेंदूची वाढ परत मिळत नाही, पण बोलणे, चालणे, शिकणे यांत लवकर मिळालेल्या उपचारांनी फरक पडतो.

दुसरी गोष्ट अवघड आहे. जनुकीय तपासणीसाठी आजही पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. ज्या घरात एक बाधित मूल आहे, तेथे पुढच्या गरोदरपणाआधीच समुपदेशन आणि तपासणी व्हावी. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी हा दोष पुष्कळदा शेवटच्या तिमाहीतच दिसतो. तोवर निर्णय घेणे फार अवघड झालेले असते. जिल्हा रुग्णालयातून नमुना पुढे पाठवण्याची सोय झाली, तर नळदुर्गच्या आईला उत्तर मिळेल आणि तिच्यावरचा ठपकाही पुसला जाईल.