वहीचे रकाने व्यापाऱ्यानेच आखावेत

नांदेडच्या वजिराबादेत काय आणि लातूरच्या गंजगोलाईत काय, कापडाचे व्यापारी एकत्र बसले की हल्ली एकच तक्रार ऐकू येते. गिऱ्हाईक घरबसल्या मोबाईलवर कापड पाहते आणि मागवते, आपण मात्र गादीवर बसून वाट पाहतो. तक्रार खरी आहे, पण तिच्यावर जो इलाज केला जातो तो अपुरा आहे. कुणाकडून तरी वेबसाईट करून घ्यायची, तीत दुकानाचा फोटो, पत्ता आणि दहा-बारा साड्यांची चित्रे टाकायची आणि मोकळे व्हायचे. वर्षभरानंतर साड्या विकल्या गेलेल्या असतात, भाव बदललेले असतात, पण पान आहे तसेच असते. अशा पानाला दुकान म्हणता येत नाही. ती रंगवलेली पाटी आहे.

चालते दुकान वेगळ्या पद्धतीने बनते. त्यात दोन गोष्टी लागतात. एक डेटाबेस, म्हणजे मालाची, गिऱ्हाइकांची आणि विक्रीची वही. दुसरी स्क्रिप्टची भाषा, म्हणजे त्या वहीतून हवी ती नोंद काढून पान तयार करणारा मुनीम. गिऱ्हाइकाने 'सुती, निळा' असे विचारले की मुनीम वही उघडतो, जुळणाऱ्या ओळी काढतो आणि त्याच क्षणी पान लिहून पाठवतो. माल विकला गेला की वहीतली नोंद बदलते आणि पुढच्या माणसाला नवे पान दिसते. पान हाताने बदलावे लागत नाही.

या कामासाठी पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस जगभर वापरतात. दोन्ही मोफत मिळतात. पीएचपी रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांसाठी खुली केली. आपल्या पानाला किती लोक भेट देतात याचा हिशेब ठेवण्यासाठी त्यांनी ती प्रथम लिहिली होती. विकिपीडिया याच भाषेवर चालतो आणि फेसबुकची सुरुवातही २००४ साली याच भाषेत झाली. एक्झॅम्प नावाचा मोफत संच घरच्या संगणकावर बसवला की इंटरनेट नसतानाही सराव करता येतो.

माझे म्हणणे असे की भाषा मुलांनी शिकावी, पण वहीचे रकाने व्यापाऱ्याने आखावेत. ते काम कारागिरावर सोडू नये, कारण त्याला कापड ठाऊक नसते.

एक उदाहरण घ्या. एका कापडाचे दोन तागे आहेत, एक २० मीटरचा आणि दुसरा १५ मीटरचा. कापड न जाणणारा मुलगा वहीत लिहील, शिल्लक ३५ मीटर. शाळेच्या गणवेशासाठी कुणी सलग २५ मीटर मागितले तर पान 'आहे' म्हणेल आणि दुकानदाराची जबान खोटी पडेल. म्हणून प्रत्येक ताग्याची ओळ वेगळी हवी. शिवाय त्याच नंबरचा रंग दुसऱ्या लॉटमध्ये थोडा फिरतो, म्हणून लॉटचा रकानाही हवा. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ती आपल्या गादीवर सापडते.

मापाचेही तसेच. मीटर आणि रुपये 'फ्लोट' प्रकारच्या रकान्यात ठेवले तर संगणक दशांश अंदाजाने साठवतो आणि हिशेबात पैशांचा फरक पडू लागतो. त्यासाठी 'डेसिमल' हा प्रकार आहे, त्यात आकडा नेमका राहतो.

नावांचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. एकच माणूस कुठे 'मोहम्मद', कुठे 'मोहं.', कुठे 'मो.' होतो आणि एकाची तीन खाती पडतात. उलट एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात. मोबाईल नंबरवर खाते धरावे तर तो बदलतो, किंवा एका नंबरावर सगळे कुटुंब चालते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि उधारी त्या क्रमांकावर लिहावी. नावे मराठीत किंवा उर्दूत ठेवायला अडचण नाही. डेटाबेस तयार करतानाच 'यूटीएफ-८ एमबी-४' ही लिपीची पद्धत निवडावी, म्हणजे दोन्ही लिप्या एकाच वहीत नीट राहतात.

शिकवणाऱ्यांची उणीव नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे मोफत आहेत. मात्र जुन्या धड्यांपासून सावध राहावे. डेटाबेसशी बोलण्याची 'मायएसक्यूएल अंडरस्कोर' ने सुरू होणारी जुनी फंक्शने २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढून टाकली आहेत. आता 'पीडीओ' किंवा 'मायएसक्यूएलआय' वापरतात. गिऱ्हाइकाने चौकटीत लिहिलेला मजकूर थेट हुकमात जोडू नये. जोडला तर तिथे कुणीही स्वतःचा हुकूम लिहून सगळी वही वाचू किंवा पुसू शकतो. त्यासाठी 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' आहे. हा शब्द व्यापाऱ्यानेही लक्षात ठेवावा आणि काम घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावा. तो गोंधळला तर काम देऊ नये. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि उधारी ही अमानत आहे.

कुणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांच्या बाजारात माल लावला की झाले, एवढी मेहनत कशाला? माल जरूर लावा. पण तिथे वही त्यांची असते. कोणत्या गिऱ्हाइकाने काय घेतले, पुन्हा कधी येईल, हे त्यांना कळते. आपल्याला फक्त पार्सल बांधायचे काम उरते. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाची पसंती तोंडपाठ ठेवणाऱ्या दुकानदाराने ती माहिती हातची घालवणे हा घाट्याचा सौदा आहे. याच कारणाने वेबसाईटचे नाव आणि होस्टिंगचे खाते कारागिराच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर घ्यावे आणि वहीची नक्कल रोज आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी.

लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. गिऱ्हाईक कोणत्याही रस्त्याने आले तरी बाजारात पोचते. आपला डेटाबेस तसाच मधोमध असावा. दुकानातले बिल, मोबाईलवरचे पान आणि मोठ्या कंपनीचा बाजार हे त्याचे रस्ते. एखादा बंद पडला तरी बाजार आपलाच राहतो.

तेव्हा व्यापारी बांधवांनी आधी कागद घ्यावा आणि माल, तागा, गिऱ्हाईक व विक्री असे चार तक्ते आखावेत. मग घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ते संगणकावर उतरवावेत. एमएस-सीआयटी करून संगणक वापरता येणारी मुले घरोघरी आहेत. त्यांना बनवायचा हुनर हवा आहे आणि आपल्याजवळ बनवण्याजोगे काम पडून आहे.