नुसते अ‍ॅव्हरेज विचारून पिकअप घेऊ नका

पिकअप घ्यायला शोरूममध्ये आलेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. अ‍ॅव्हरेज किती देते? आणि डिझेलच ना? या दोहोंच्या आधी विचारायला हवा तो प्रश्न मात्र राहून जातो: आपली गाडी वर्षाला धावणार किती? नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरून रात्रीत वाशीला पोहोचणारी पिकअप आणि पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून कोथरूडच्या दुकानांना भाजी पोहोचवणारा छोटा हत्ती (टाटा एस), दोघांचे मालक एकाच हिशेबाने इंधन निवडतात. तोटा दुसऱ्याचा होतो, आणि तो हप्ते संपेपर्यंत भरत राहतो.

डिझेलवरचा विश्वास उगाच आलेला नाही. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल 41 रुपयांच्या आतच होते. हा फरक सरकारी तिजोरीने पोसला होता. जानेवारी 2013 पासून डिझेलचा दर महिन्याला थोडाथोडा वाढू लागला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये त्यावरचे सरकारी नियंत्रण उठले. 24 जून 2020 रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले. जुलै 2024 मध्ये राज्याने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला डिझेलवरचा व्हॅट 24 वरून 21 टक्क्यांवर आणला, त्यानंतर मुंबईत डिझेल 90 आणि पेट्रोल 104 रुपयांच्या आसपास स्थिरावले. एकेकाळी जवळजवळ निम्म्या भावात मिळणारे डिझेल आता साधारण आठव्या हिश्श्याने स्वस्त आहे. बाजारातली समजूत मात्र 2012 सालचीच राहिली आहे.

इंजिनाचा गुण अर्थातच कायम आहे. डिझेल इंजिन हवा जास्त दाबते, त्यामुळे त्याच इंधनातून जास्त काम काढते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक असते. भरल्या गाडीने घाट चढताना हा फरक चालकाला पायाखाली जाणवतो. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पैशाचा. समजा, एकाच आकाराच्या दोन छोट्या मालगाड्या आहेत आणि डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग आहे. डिझेल गाडी लिटरला 18 किलोमीटर देते, पेट्रोलची 15. वरच्या दराने डिझेलचा खर्च किलोमीटरला 5 रुपये पडतो आणि पेट्रोलचा 6 रुपये 93 पैसे. म्हणजे दर किलोमीटरला 1 रुपया 93 पैसे वाचले. आता तो जास्तीचा लाख रुपया बहुतेकांच्या खिशातला नसतो, कर्जाचा असतो. 11 टक्के व्याजाने चार वर्षांत त्याचे सुमारे 1 लाख 24 हजार होतात. ते वसूल व्हायला गाडी 64 हजार किलोमीटर धावायला हवी. रोज 60 किलोमीटर आणि वर्षाला 300 दिवस धंदा धरला, तर साडेतीन वर्षे नुसती बरोबरी होण्यात जातात. तीच गाडी रोज दीडशे किलोमीटर धावत असेल, तर हे काम दीड वर्षाच्या आत होते. आकडे ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. हिशेबाची रीत बदलत नाही.

आणि यात गॅरेजचा खर्च अजून धरलेलाच नाही. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 निकष आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जाळायला धुराडे बराच वेळ तापलेले राहावे लागते. हायवेवर ते सहज तापते. चार किलोमीटर गेले, माल उतरवला, पुन्हा तीन किलोमीटर गेले, अशा फेऱ्यांत ते तापतच नाही. जाळी तुंबते, मीटरवर दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते आणि वर्कशॉपची वारी घडते. ज्या दिवशी गाडी उभी, त्या दिवसाचे भाडे गेले, हप्ता मात्र चालूच. मोठ्या गाड्यांत याशिवाय युरियाच्या द्रावणाची टाकीही भरत राहावी लागते.

कंपन्यांनी हा हिशेब कधीच मांडला आहे. टाटा एस 2005 मध्ये आली ती 702 सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर, आणि त्याच इंजिनावर छोटा हत्ती गल्लोगल्ली पोहोचला. जून 2025 मध्ये आलेल्या एस प्रोमध्ये पेट्रोल आहे, पेट्रोल-सीएनजी आहे, वीज आहे. डिझेल नाही. मारुतीची सुपर कॅरी 2016 मध्ये 793 सीसी डिझेल इंजिन घेऊन उतरली होती. आज ती पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळते. इतक्या लहान इंजिनाला बीएस-6 ची सगळी यंत्रणा लावली की गाडीची किंमत धंद्याला परवडत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

सीएनजी तर डिझेलहूनही स्वस्त पडते. किलोला 80 रुपये आणि किलोमागे 20 किलोमीटर धरले तर किलोमीटरचा खर्च 4 रुपये. पण सिलिंडरच्या वजनाने माल तेवढा कमी बसतो, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते आणि पंपावरच्या रांगेत गेलेला वेळ कुणी भरून देत नाही. मुंबई-पुण्यात फिरणाऱ्याने सीएनजीचा विचार आधी करावा. जिथे पुढचा पंप कधी येईल याची खात्री नाही, तिथल्या माणसाने जपून.

दीड टन माल, रोजचा लांबचा पल्ला आणि वाटेत कसारा किंवा माळशेज असेल, तर बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाडीला आज तरी तोड नाही. तिचे अडीच लिटरचे इंजिन सुमारे 200 न्यूटन-मीटर जोर देते, तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर. अशा मालकाने पेट्रोलच्या नादी लागू नये. मात्र गाडी विकताना काय हाती येईल, हा घोर त्यालाही आहे. दिल्लीत डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आली, आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला सांगितल्यावर राज्य सरकारने समिती नेमली. शहरात फिरणारी डिझेल गाडी घेताना दहा वर्षांनंतरची किंमत गृहीत धरणे आता धोक्याचे आहे.

खरी अडचण अशी की हा हिशेब मांडायला लागणारा मुख्य आकडाच गिऱ्हाइकाला मिळत नाही. जाहिरातीतले अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या आखणीनुसार काढलेले असते. त्यात ना घाट असतो, ना बाजारातली गर्दी, ना पाठीवर पासिंगइतका माल. पिकअप तर मालासाठीच घेतली जाते! मालवाहू गाडीचे अ‍ॅव्हरेज पूर्ण भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत, शहर आणि हायवे वेगळे दाखवून, शोरूममध्ये लावणे केंद्र सरकारने सक्तीचे करावे. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. तोवर गाडी घेणाऱ्याने आपल्याच मार्गावर माल वाहणाऱ्या दोन-तीन चालकांना महिन्याचे इंधन आणि किलोमीटर विचारावेत, कर्जासकट हिशेब कागदावर मांडावा आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.