आपल्या मनाची साक्ष



बैठकीत 'तुला काय वाटतं?' असं विचारलं की पुष्कळ जणी आधी घरच्यांचं सांगतात. 'सासूबाईंना आवडत नाही', 'ह्यांना चालत नाही', 'पोरांना वाईट वाटेल'. 'अगं, पण तुला?' असं पुन्हा विचारलं की ती गप्प होते. आपल्या मनाकडे वळून पाहायला तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. या अंकात बोलायचं आहे ते याच गप्प होण्याबद्दल.

आपला हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, पण मनाचा शोध घेण्याची इथली परंपरा सातशे वर्षांची आहे. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात. औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, अशी कथा आहे. त्यांना गुरूकडे का जावं लागलं? गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेका संताचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. ही परीक्षा घ्यायला लावली मुक्ताबाईनं. वयानं सगळ्यांत लहान, त्यात मुलगी! नामदेवांना देव दिसत होता, पण त्याला पाहणाऱ्या मनातला 'मी' दिसत नव्हता. थापटणं बसलं तेव्हा तो दुखावला आणि उघडा पडला.

मन मनालाच कसं पाहणार, हा प्रश्न जुना आहे. वेदान्त म्हणतो, मनात येणारं-जाणारं सारं पाहणारा 'साक्षी' वेगळा आणि नित्य आहे. बुद्धांनी असा नित्य आत्मा मानला नाही. शरीर, वेदना, चित्त आणि चित्तात उठणारे विषय यांकडे सजगपणे पाहा, एवढंच सतिपट्ठान सांगतं. मतभेद मोठा आहे, पण पहिली पायरी दोन्हीकडे एकच: राग आला असेल तर 'राग आला आहे' हे कळणं.

बाईच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गाळली जाते. 'मन आवर, सहन कर, सगळं देवावर सोड' हा उपदेश तिला माहेरी, सासरी आणि सत्संगातही मिळतो. राग दिसण्याआधीच तो गिळायला शिकवलं जातं आणि त्यालाच शांती म्हणतात. पण साक्षी म्हणजे मुका प्रेक्षक नव्हे. साक्षीदार जे घडलं ते जसंच्या तसं पाहतो आणि म्हणूनच सांगू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसा मानला. हा छळ अंगावर वळ ठेवत नाही. त्याची पहिली साक्षीदार ती बाईच असते. तिनंच 'माझ्या मनाचं काय, चालायचंच' म्हटलं, तर कायदा कुणाचं ऐकणार?

आणि हे मनाकडे पाहणं करायचं कधी? हळदीच्या हंगामात उकडणं, वाळवणं, वेचणं यांत बायांचा दिवस जातो. घरी परतल्यावर चूल वाट पाहत असते. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईलाही ध्यानाला वेगळी खोली नव्हती. जातं हीच तिची जागा. पण म्हणून 'बायांनी दळता दळता आत्मज्ञान मिळवावं' असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, हे आपण कौतुकानं गातो. देवाला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते घरातल्या पुरुषांना का वाटावं? कामाची वाटणी झाल्याशिवाय बाईला मनाकडे पाहायला निवांतपणा मिळणार नाही.

अध्यात्मात 'जाणीव' हा शब्द आहे, आणि आपल्या चळवळीनंही 'जाणीवजागृती' म्हणताना तोच उचलला. साधक एकटा बसून मनाकडे पाहतो, आपण गोलात बसून पाहतो. माझ्या मनातली भीती शेजारणीच्याही मनात आहे हे कळतं, तेव्हा दोष एकटीच्या मनाचा नाही, हेही कळतं. एकट्या ध्यानात हे सहसा सापडत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीत कामकाजाआधी दहा मिनिटं शांत बसूया. मन आवरायचं नाही, फक्त पाहायचं. मग प्रत्येकीनं 'मला' या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, समजूत घालायची नाही. काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.

तुमच्याच,
संपादक मंडळ