पहारेकरी नेमका कोणाला अडवतो?

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविनवर लसनोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांतच संकेतस्थळ अडखळले. त्या वेळी मिनिटाला २७ लाख विनंत्या येत होत्या, असे सरकारने नंतर सांगितले. हा कोणाचा हल्ला नव्हता. ती लस हवी असलेली माणसे होती. पण सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर खरी गर्दी आणि मुद्दाम पाठवलेली गर्दी जवळपास सारखीच दिसते. आरोग्यसेवा मोबाइलवर आल्यापासून हा फरक ओळखणे केवळ संगणकवाल्यांचे काम उरलेले नाही.

मुद्दाम पाठवलेल्या गर्दीला ‘डीडॉस’ हल्ला म्हणतात. यात काहीही चोरले जात नाही, फक्त दार अडवले जाते. हजारो यंत्रांकडून एकाच वेळी इतक्या विनंत्या येतात की खऱ्या माणसाला आत जायला वाट उरत नाही. २०१४ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयावर असा हल्ला झाला. हल्लेखोराला दहा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला, पण रुग्णालयाचे कामकाज विस्कळीत व्हायचे ते झालेच. आपल्याकडेही जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट पुरवठादारांवर असाच मारा झाला आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ठरावीक मर्यादा. कोविनमधून माहिती घेणाऱ्या ॲप्सना एका पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विनंत्यांचीच मुभा होती. पण एकच माप सगळ्यांना कसे लागू पडणार? म्हणून आता जुळवून घेणारी गाळणी वापरतात. ती आधी रोजची रहदारी पाहते. कुठल्या वेळी किती विनंत्या येतात, कुठून येतात, किती वेगाने येतात, याची सवय करून घेते. मग त्या सवयीबाहेरचे काही दिसले की त्याचा वेग कमी करते, कोडे घालते किंवा सरळ परतवते. हल्ल्याने रूप बदलले की तीही बदलते.

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. बाहेरून आलेल्या नव्या पहारेकऱ्याला ती ढोल-बासऱ्यांसह लोटणारी गर्दी पाहून दंगलच वाटेल. इथल्या माणसाला मात्र ठाऊक असते की हा बाजाराचा दिवस आहे. गाळणीचेही तसेच. ती कोणाच्या रहदारीवर शिकली, यावर ती कोणावर संशय घेणार हे ठरते.

माझा आक्षेप इथेच आहे. पुण्या-मुंबईतल्या वेगवान जोडण्या पाहून ‘नेहमीचे’ काय ते शिकलेल्या गाळणीला नंदुरबार जिल्ह्यातला, धडगाव-मोलगीकडचा मोबाइल संशयास्पद वाटू शकतो. २००९ मध्ये ‘स्लोलोरिस’ नावाची हल्ल्याची एक तऱ्हा पुढे आली. जोडणी सुरू करायची आणि मग थेंबाथेंबाने माहिती पाठवत ती अडवून ठेवायची. डोंगरावर एक-दोन दांड्या नेटवर्क पकडून सिकलसेल तपासणीची नोंद पाठवणारा आरोग्य कर्मचारीही नाइलाजाने तेच करत असतो! पोषण ट्रॅकरवर नोंद जाईना म्हणून अंगणवाडीताई चारदा बटण दाबतात. गाळणीला त्या चार विनंत्या दिसतात, पण त्यामागचे खराब नेटवर्क दिसत नाही.

दुसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडतात, त्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. चाळीत एकाने दगड मारला म्हणून अख्ख्या चाळीला बंदी घालावी, असा प्रकार त्यातून होतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२५ मध्ये आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा अशा सामायिक पत्त्यांवर इतरांच्या तिप्पट वेळा मर्यादा लादली गेल्याचे दिसले. हल्ल्यांचे प्रमाण मात्र तिथे जास्त नव्हते.

म्हणून गाळणीच नको, असे मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांची संकेतस्थळे काही तास बंद पडली. विनंत्यांचा लोंढा पहिल्या अडथळ्यांना चुकवून पुढे आला आणि मागची संरक्षक भिंत त्याखाली दबली. रुग्णांची माहिती सुरक्षित राहिली, उपचारही चालू राहिले. इतक्या सुसज्ज देशात हे घडते, तर आपल्या आरोग्य पोर्टलांना पहारा हवाच. प्रश्न पहारेकऱ्याचा हिशेब कसा ठेवायचा हा आहे.

आज ‘आम्ही इतके लाख हल्ले रोखले’ एवढेच अभिमानाने सांगितले जाते. खरी माणसे किती परत पाठवली, हे कोणी सांगत नाही. तो आकडा तालुकानिहाय काढता येतो. अक्कलकुव्यातून अपुऱ्या राहिलेल्या विनंत्या नाशिकच्या कितीपट आहेत, हे नोंदींतून कळू शकते, आणि पोर्टल बांधणाऱ्या कंपनीच्या करारात ती अट घालता येते. संशय आला तर थेट दार बंद करण्यापेक्षा रांगेत उभे करावे. इंग्रजी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणे तर मला चीड आणते. कोविनवर मे २०२१ मध्ये बॉट रोखण्यासाठी अशी अक्षरे आली, मराठी मात्र जूनमध्ये आली.

पत्त्यांच्या अडचणीवर उपाय आधीच हाताशी आहे. आयपीव्ही ६ या नव्या पद्धतीत प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो आणि आपल्याकडच्या मोठ्या मोबाइल कंपन्या ती वापरतातही. पण समोरचे सरकारी संकेतस्थळ जुन्याच पत्त्यावर बसलेले असेल, तर फोनला पुन्हा त्या सामायिक पत्त्यामागूनच जावे लागते. आपल्या जिल्ह्यातले आरोग्य कर्मचारी रोज ज्या पोर्टलांवर नोंदी करतात, त्यांपैकी किती नव्या पत्त्यावर उघडतात, हे तपासायला जिल्हा प्रशासनातल्या जाणकाराला एक दुपार पुरेल.