घरगुती मलमें आणि त्यांच्या टिकाऊपणाचा प्रश्न

हल्लीं गांवोगांवच्या महिला बचतगटांकडून कोरफडीचा गर, हळदीचें मलम, गुलाबपाण्याचे लेप इत्यादि त्वचेस लावावयाचे पदार्थ तयार होऊन बाजारांत व प्रदर्शनांत विक्रीस येऊं लागले आहेत. शेतांतल्या मालास घरींच रूप देऊन चार पैसे अधिक मिळविण्याचा हा उद्योग आम्हांस मनापासून पसंत आहे. परंतु पुष्कळ बरण्यांवर “परिरक्षकविरहित, केवळ जीवनसत्त्व ई घातलेलें” असा जो शेरा आढळतो, त्याविषयीं स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे.

असा माल मुख्यतः दोन प्रकारांनीं बिघडतो. पहिला प्रकार तेलाचा. हवेंतील प्राणवायु, उजेड व उष्णता यांच्या योगानें तेल खवट होतें. तांब्यालोखंडाचा अंश लागल्यास ही क्रिया अधिकच जलद होते. करडईच्या नेहमींच्या तेलांत लिनोलिक आम्ल सुमारें ७० ते ७५ टक्के असल्यामुळें तें लौकर खवटतें. खोबरेलांतील सुमारें ९० टक्के मेदाम्लें संपृक्त असल्यामुळें तें पुष्कळ दिवस टिकतें. जीवनसत्त्व ई, म्हणजे टोकोफेरॉल, हें अँटिऑक्सिडंट आहे. तें हा खवटपणा लांबवितें. आधींच खवटलेलें तेल मात्र त्यानें सुधारत नाहीं.

दुसरा प्रकार पाण्याचा. कोरफडीचा गर, काकडीचा रस, दूध अथवा गुलाबपाणी ज्या मलमांत असतें, त्यांत जंतु व बुरशी यांची वाढ होते, आणि ती रोखणें जीवनसत्त्व ई चें काम नव्हे. तें काम परिरक्षक द्रव्यांचें. बुरशी डोळ्यांस दिसते. पण जंतु पुष्कळ वाढले तरी मलम स्वच्छ दिसूं शकतें. स्यूडोमोनास एरुजिनोझा नांवाचा जंतु ओलाव्यांत सहज वाढतो, व तो डोळ्यांत शिरून बुबुळावरील पारदर्शक पडद्यास व्रण झाल्यास दृष्टि जाण्याचाहि संभव असतो.

कोणी म्हणतील, आमच्या आज्यांनीं कोठें परिरक्षकें घातलीं? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांचें उटणें कोरडें असे. दूध वा पाणी त्या स्नानाच्या वेळींच मिसळीत. कोंकणांत भेगाळलेल्या टाचांस लावतात तें कोकमतेल निव्वळ मेद आहे. त्यांत पाणी नाहीं. कोरफडीचें पान तोडून गर लगेच लावीत. ओलें धान्य कणगींत भरूं नये हें जाणणाऱ्या घरांत ही रीत असणें साहजिकच होतें. पाणी घालून महिनेमहिने बरणींत ठेवावयाचें मलम ही निराळी वस्तु आहे; तिला जुन्या रीतीचा दाखला लागूं पडत नाहीं.

परिरक्षकांविषयींची भीति अगदींच निराधार आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. मेथिलआयसोथायाझोलिनोन ह्या द्रव्यानें अनेकांस त्वचेची ॲलर्जी होऊं लागली, तेव्हां लावून न धुतां ठेवावयाच्या प्रसाधनांत त्याच्या वापरास युरोपीय संघानें २०१७ सालीं मनाई केली. फिनॉक्सिइथेनॉलची तेथील मर्यादा १ टक्का आहे. सोडियम बेंझोएट आम्लधर्मी मिश्रणांतच नीट काम करतें. सबब परिरक्षक हें चिमूटभर अंदाजानें टाकावयाचें द्रव्य नव्हे. मिश्रणाची आम्लता पाहून तें तोलून घालावें लागतें. हें ज्यांस जमत नाहीं त्यांनीं पाण्याचीं मलमें विकूंच नयेत.

आमची सूचना अशी कीं, गटांनीं प्रथम कोरडीं उटणीं व निव्वळ तेलामेणाचीं मलमें हातीं घ्यावीं. तेल ताजें व बरणी पूर्ण सुकलेली असावी, आणि मलम ओल्या बोटानें काढूं नये असें तिजवर छापावें. घरापुरता काढलेला कोरफडीचा गर फ्रीजमध्यें ठेवून दोनतीन दिवसांत संपवावा. थंडीनें जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाहीं. विक्रीकरितां प्रसाधनें बनविण्यास १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा आणि २०२० चे प्रसाधन नियम यांप्रमाणें परवाना लागतो. एकट्या गटास हा खर्च व खटाटोप जड जाईल हें आम्ही जाणतों. म्हणूनच तालुक्यांतील गटांनीं मिळून एक परवानाधारक उत्पादनकेंद्र काढावें व तेथून मालाची तपासणी करवून घ्यावी.

आम्हीं महसूल खात्यांत अनेक वर्षें कारकुनी केली. तारीख नसलेल्या कागदास तेथें किंमत नसते. बरणीवरहि तयार केल्याची तारीख, संपविण्याची मुदत व घातलेल्या सर्व जिनसांचीं नांवें असलीं पाहिजेत. एका बरणीमुळें कोणाच्या लेकराच्या डोळ्यास इजा झाली, तर त्या गटाची हळद, गूळ व लोणचीं यांजवरचाहि विश्वास उडेल. “परिरक्षकविरहित” हा शब्द कोरड्या उटण्यावर खुशाल छापावा; पाण्याच्या मलमावर तो छापणें म्हणजे गिऱ्हाइकास धोक्यांत घालणें होय.