कुलूप नको, दोन सायकली हव्यात

लग्नानंतर नवरा-बायकोने दोघांनीच कुठे फिरायला जायचे म्हटले, की आपल्या घरांतून अजूनही नाके मुरडली जातात. "आता हेच थेर राहिले होते," असे सासूबाई म्हणतात आणि सूनबाई गप्प बसते. तिकडे युरोपात पॅरिस नावाचे शहर आहे. तिथे जगभरची जोडपी नेमकी यासाठीच येतात. चला, आज आपणही त्या शहरात थोडे पायी फिरून येऊ. आपल्याला तिकीट लागणार नाही!

पॅरिसच्या मधून सीन नदी वाहते. लूव्र संग्रहालयासमोर तिच्यावर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी एक पूल आहे, 'पाँ देझार'. सन २००८ च्या सुमारास इथे एक टूम निघाली. जोडप्याने कुलपावर दोघांची नावे लिहायची, ते कठड्याला अडकवायचे आणि किल्ली नदीत फेकायची. प्रेम कायमचे बंदिस्त! कुलपे इतकी वाढली की जून २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला. २०१५ मध्ये नगरपालिकेने सुमारे ४५ टन कुलपे काढून टाकली. आता तिथे काचेचे कठडे आहेत. २०१७ मध्ये काही कुलपांचा लिलाव झाला आणि ते पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले गेले.

तिथून नदीकाठाने थोडे चालले की 'पाँ नफ' हा जुना पूल येतो. त्याच्या टोकाला रू दोफीन ही गल्ली सुरू होते. प्रवासी इथे थांबत नाहीत. आपण थांबू. १९ एप्रिल १९०६ रोजी, भर पावसात, पिएर क्युरी हा शास्त्रज्ञ इथे घोडागाडीखाली सापडून मरण पावला. वय अवघे ४६. मागे पत्नी मारी आणि दोन मुली. थोरली ८ वर्षांची, धाकटी सव्वा वर्षाची.

ही मारी म्हणजेच मादाम क्युरी. मूळची पोलंडची. तिकडच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तिने लोकांच्या घरी मुलांना शिकवून पैसे साठवले आणि १८९१ मध्ये ती पॅरिसला आली. १८९५ मध्ये पिएरशी लग्न झाले. ना धर्मगुरू, ना अंगठ्या, फक्त नोंदणी. तिने गडद निळा पोशाख घातला, पुढे प्रयोगशाळेतही वापरता येईल असा. आहेरात आलेल्या पैशांतून दोघांनी दोन सायकली घेतल्या. सारे जग ज्या शहरात मधुचंद्राला येते, ते शहर सोडून हे दोघे सायकलींवर खेड्यापाड्यांतून भटकले.

'दोन' सायकली, हे ध्यानात घ्या. ती मागच्या सीटवर बसली नाही. पुढे गळक्या शेडमध्येही दोघे बरोबरीनेच राबले. १८९८ मध्ये त्यांनी पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०३ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी तिला वगळण्याचे घाटत होते. हे कळताच पिएरने, तिचाही विचार व्हावा, असे पत्र लिहिले. पारितोषिकात तिलाही वाटा मिळाला. पिएर गेल्यावर त्याच्या जागी ती सॉर्बोन विद्यापीठात शिकवू लागली. तिथे शिकवणारी ती पहिली स्त्री. १९११ मध्ये तिला दुसरे नोबेल मिळाले, एकटीला.

आता टेकडी चढून पाँतेआँ या भव्य इमारतीत या. फ्रान्सचे थोर लोक इथे चिरविश्रांती घेतात. एप्रिल १९९५ मध्ये दोघांच्या शवपेट्या इथे आणल्या. स्वतःच्या कर्तृत्वावर इथे जागा मिळवणारी ती पहिली स्त्री. जवळच तिची प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे.

एकीकडे ४५ टन कुलपे, दुसरीकडे दोन सायकली. संसार कशाने टिकतो ते आपणच ठरवावे. पिएर गेला तेव्हा मारी कोसळली, पण उभीही राहिली. कारण त्याच्या हयातीत तिच्या हातांना कोणी कुलूप घातले नव्हते.

पॅरिस आपल्याला दूर आहे. पण येत्या रविवारी दोघांनी मिळून तासभर चालून यायला कोणाची हरकत असावी? सासूबाईंनी त्या तासापुरते नातवाला सांभाळावे, एवढीच विनंती.