यंत्रांचे मूक संगनमत

२०२५ च्या नोव्हेंबरात हडफडे येथे बुद्धिबळाचा विश्वचषक रंगला. जगभरातून २०६ खेळाडू गोव्यात उतरले. उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा चषक उचलला. त्याच वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकलेली नागपूरची दिव्या देशमुखही या स्पर्धेत खेळली. मात्र जगातल्या सर्वांत बलाढ्य बुद्धिबळपटूला त्या सभागृहात प्रवेश नव्हता. त्याचे नाव स्टॉकफिश. तो एक मोफत मिळणारा संगणकीय प्रोग्राम आहे आणि कोणाच्याही खिशातल्या मोबाईलमध्ये मावतो. म्हणूनच अशा स्पर्धांत खेळाडूला मोबाईल, स्मार्ट घड्याळ, कानातले यंत्र यांपैकी काहीही पटापर्यंत नेता येत नाही.

यंत्र माणसाला हरवते, यात आता बातमी उरलेली नाही. आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोवला १९९७ मध्ये नमवले. अल्फागोने २०१६ मध्ये ली सेडोलला गो या खेळात ४–१ असे हरवले. बुद्धिबळाच्या जगाला आज छळणारा प्रश्न निराळा आहे. पटावर बसलेल्या माणसाने यंत्राची मदत घेतली की नाही, हे ठरवायचे कसे? मोबाईल सापडला तर प्रश्न मिटला. पण तो सापडलाच नाही तर? या पेचातून बुद्धिबळाने जी वाट काढली, ती उद्या बाजारावर देखरेख करणाऱ्यांना उपयोगी पडेल असे माझे मत आहे. कारण खेळ शिकलेली यंत्रे आता पटावरून उठून भाव ठरवायला बसली आहेत.

बुद्धिबळात सारे काही उघड्यावर असते. प्रतिस्पर्ध्याचा वजीर कोठे आहे हे दोघांनाही दिसते. व्यवहारात तसे नसते. समोरच्याच्या हातातली पाने झाकलेली असतात. म्हणून संशोधक पत्त्यांकडे वळले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक पोकर खेळाडूंशी २० दिवस सामना केला. १ लाख २० हजार डाव झाले आणि चौघेही हरले. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवर ज्यांनी कधी पोकर पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल, की या खेळात हात वाईट असताना चांगला असल्याचे भासवणे ही खरी कला. लिब्राटसला चेहरा नव्हता, कावेबाजपणा नव्हता. किती वेळा थाप मारल्यास प्रतिस्पर्धी गोंधळतो, याचे त्याच्याजवळ फक्त गणित होते. दिवसभरात खेळाडूंनी त्याच्या खेळातली जी छिद्रे हुडकली, ती तो रात्री बुजवून सकाळी पुन्हा बसत असे.

पोकरमध्ये एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. बाजार तसा नाही. तेथे दोन विक्रेते एकमेकांचे गळे कापू शकतात, किंवा दोघेही शांतपणे चढा भाव ठेवून ग्राहकाच्या खिशातून कमावू शकतात. या दुसऱ्या प्रकाराचे बीज एका जुन्या प्रयोगात सापडते. मिशिगन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकीय प्रोग्रामांची एक स्पर्धा भरवली. दर फेरीला दोघांपैकी प्रत्येकाने सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवायचे, आणि तोच खेळ पुन:पुन्हा खेळायचा. मोठमोठ्या विद्वानांनी गुंतागुंतीचे प्रोग्राम पाठवले. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा, सगळ्यांत छोटा. त्याची रीत आपल्या भाषेत दोनच शब्दांची आहे: जशास तसे. सुरुवात सहकार्याने करायची, आणि पुढे समोरच्याने मागच्या फेरीत जे केले तेच करायचे. दुसऱ्या, मोठ्या स्पर्धेतही तोच जिंकला. पुन:पुन्हा भेटणारे स्वार्थी खेळाडूसुद्धा सहकार्य शिकतात, हा ॲक्सेलरॉड यांचा निष्कर्ष जगभर कौतुकाचा विषय झाला. पण हे दोन खेळाडू म्हणजे एकाच रस्त्यावरचे दोन दुकानदार असतील, तर त्यांच्या सहकार्याला कायद्यात संगनमत म्हणतात. कौतुक कोणी करावे, हे आपण काउंटरच्या कोणत्या बाजूला उभे आहोत यावर अवलंबून असते.

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाशी संबंधित अर्थतज्ज्ञ काल्वानो, काल्त्सोलारी, देनिकोलो आणि पास्तोरेल्लो यांनी नेमके हेच तपासले. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी संगणकावर एक कृत्रिम बाजार उभा केला आणि त्यात भाव ठरवणारे प्रोग्राम सोडले. प्रोग्राम अगदी साधे होते: भाव लावायचा, नफा पाहायचा, जमले तर तसेच करायचे, नाही जमले तर बदलायचे. दुसऱ्याशी बोलण्याची सोय नव्हती. संगनमत करा असे कोणी शिकवलेले नव्हते; त्या शब्दाचा अर्थ कळण्याइतकी अक्कलही त्यांच्यात नव्हती. सुरुवातीला त्यांचे भाव वाटेल तसे उड्या मारत राहिले. लाखो फेऱ्यांनंतर मात्र ते स्पर्धेच्या भावापेक्षा बरेच वर स्थिरावले.

खरी धक्कादायक गोष्ट पुढची. संशोधकांनी मुद्दाम एका प्रोग्रामला भाव उतरवायला लावले. दुसऱ्याने ताबडतोब आपलाही भाव पाडला. काही फेऱ्या दोघांची जणू भावयुद्धाची झटापट चालली, आणि मग दोघेही पायरीपायरीने पुन्हा जुन्या चढ्या भावावर येऊन बसले. फितुराला शिक्षा आणि नंतर माफी. जगातले सगळे कार्टेल याच दोन खांबांवर उभे असतात. फरक एवढाच, की येथे हॉटेलच्या बंद खोलीत कोणी भेटले नव्हते, कोणी चिठ्ठी पाठवली नव्हती, कोणाच्या मनात कपट नव्हते. मनच नव्हते.

प्रयोगशाळेत काय, काहीही घडते, असे कोणी म्हणेल. त्यासाठी जर्मनीतले पेट्रोल पंप पाहावे लागतात. आपल्याकडे पेट्रोलचा भाव पंपमालक ठरवत नाही. तेल कंपनीकडून आलेला आकडा तो फलकावर लावतो. जर्मनीत पंप दिवसातून अनेकदा भाव बदलतात. तेथे २०१३ पासून प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेकडे तत्काळ नोंदवावा लागतो, आणि त्यामुळे संशोधकांना मोठे घबाड हाती लागले. २०१७ च्या आसपास अनेक पंपांनी भाव ठरवण्याचे काम अल्गोरिदमकडे सोपवले. ज्या भागात दोनच पंप एकमेकांसमोर होते आणि दोघांनीही अल्गोरिदम घेतला, तेथे नफ्याचे प्रमाण वाढले. दोघांपैकी एकानेच घेतला, तेथे तशी वाढ झाली नाही. वाढही लगेच आली नाही, बऱ्याच महिन्यांनी आली. जणू यंत्रांना एकमेकांची ओळख पटायला तेवढा अवधी लागला. कोणत्या पंपाने अल्गोरिदम घेतला हे त्या संशोधकांना कोणी सांगितले नव्हते. भाव किती वेळा बदलतो, प्रतिस्पर्ध्याच्या बदलाला किती चटकन उत्तर मिळते, यावरून त्यांनी ते ओळखले. म्हणजे हेतू विचारला नाही, चाली पाहिल्या.

आपला कायदा मात्र अजून हेतूच्या आणि भेटीगाठींच्या शोधात आहे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ चा पाया ‘करार’ हा शब्द आहे. कायद्याने त्याची व्याख्या पुष्कळ सैल ठेवली. लेखी नसलेली समजूत आणि संगनमताने केलेली कृतीही तीत येते. २०२३ च्या दुरुस्तीने मध्यस्थाच्या आडून चालणाऱ्या संगनमतावरही बोट ठेवले. तरीही कोणीतरी कोणाशी तरी काहीतरी ठरवले, एवढे दाखवावेच लागते. ओला आणि उबरविरुद्ध आलेल्या तक्रारीत हीच अडचण पुढे आली. एरवी चालक एकमेकांशी भाड्यात घासाघीस करून स्पर्धा करतील, पण येथे सर्वांचे भाडे एकच ॲप ठरवते, म्हणून हे संगनमत आहे, असा तक्रारदाराचा मुद्दा होता. चालकांनी आपसांत काही ठरवल्याचे दिसत नाही, असे म्हणत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ती तक्रार फेटाळली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. उपलब्ध कायद्यानुसार निर्णय चूक होता असे नाही. मात्र बोलोन्याचे ते प्रोग्राम उद्या खऱ्या बाजारात हीच कसरत करू लागले, तर याच निकषावर तेही निर्दोष सुटतील.

गोव्याला हा विषय दूरचा वाटू नये. पर्यटनावर चालणाऱ्या राज्यात खोलीचे भाडे, विमानाचे तिकीट, टॅक्सीचे दर हे तीन आकडे हजारो घरांची चूल ठरवतात. डिसेंबरात कळंगुटला खोली महाग मिळते ती गर्दीमुळे. त्यासाठी कोणत्याही कटाची गरज नाही. लक्ष ठेवायचे ते गर्दी ओसरल्यावरही न उतरणाऱ्या भावांवर. मांद्रे किंवा बाणावलीत चार खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबाने दर ठरवणारे सॉफ्टवेअर घेतले, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. पण तेच सॉफ्टवेअर शेजारच्या दहा जणांकडेही असेल, तर दहा स्पर्धकांच्या जागी एकच मेंदू दहा खुर्च्यांवर बसतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये घरभाडे सुचवणाऱ्या रिअलपेज या कंपनीवर दावा लावला तो याच कारणासाठी: प्रतिस्पर्धी घरमालकांची गोपनीय माहिती एका जागी आणून तिच्या आधारे सर्वांनाच भाडे सुचवले जात होते, असा आरोप होता.

टॅक्सीचा वाद तर आपल्याकडे वर्षानुवर्षे धुमसतो आहे. गोवा माइल्स २०१८ मध्ये आले तेव्हापासून चर्चा एकाच चाकोरीत फिरते: टॅक्सीवाल्यांची मनमानी विरुद्ध ॲपची शिस्त. २०२५ मध्ये राज्य सरकारने ॲप कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा आणला आणि विरोधानंतर मागे घेतला. त्या साऱ्या गदारोळात भाडे कोण ठरवणार यावर पुष्कळ बोलले गेले. ते कसे ठरणार, यावर फारसे नाही. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गर्दीच्या वेळचे भाडे मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेण्यास मुभा दिली आहे. कमाल मर्यादा हे संरक्षण वाटते, आणि काही अंशी ते आहेही. पण जो कोणी हा खेळ वारंवार खेळला आहे त्याला ठाऊक असते, की सर्वांना दिसणारी एक ठळक रेषा ही स्पर्धकांच्या न बोलता एकत्र येण्याची सोयीची जागाही ठरते. छत दाखवले की सगळे फुगे तेथेच जाऊन चिकटतात.

आता बुद्धिबळाच्या वाटेकडे वळू. बफेलो विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ केनेथ रीगन यांनी त्यासाठी एक सांख्यिकी पद्धत विकसित केली आहे. खेळाडूच्या चाली बलाढ्य प्रोग्रामच्या चालींशी ताडून पाहायच्या, आणि त्या दर्जाच्या माणसाकडून जेवढा मेळ अपेक्षित असतो त्याहून तो किती अधिक आहे हे मोजायचे. मेळ असणे गुन्हा नव्हे. चांगली चाल चांगल्या खेळाडूलाही सुचतेच. संशय येतो तो मेळाच्या प्रमाणावरून. संशय आल्यावर इतर पुरावे शोधले जातात. भावांच्या बाबतीतही हीच खबरदारी हवी. दोन दुकानांचे भाव सारखे असणे हा पुरावा नाही, कारण कडवी स्पर्धाही भाव सारखे करते. पाहायचे ते हे, की एकाने भाव उतरवल्यावर दुसरा काय करतो, आणि थोड्या झटापटीनंतर दोघे पुन्हा त्याच उंचीवर जातात काय. बोलोन्याच्या यंत्रांची हीच चाल होती.

अडचण एवढीच, की बुद्धिबळात प्रत्येक चालीची नोंद होते, बाजारात होत नाही. ग्राहकाच्या मोबाईलवर झळकलेला दर मिनिटभराने पुसला जातो आणि त्याची नोंद फक्त कंपनीकडे उरते. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचा बाजार-अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अल्गोरिदमद्वारे होणाऱ्या संगनमताची दखल आहे. उपाय म्हणून कंपन्यांनी आपल्या प्रणालींचे स्वतःच परीक्षण करावे यावर भर आहे. प्रारंभ म्हणून ठीक. पण हडफड्यात खेळाडूंना आपापले खिसे स्वतःच तपासा म्हणून सांगितले असते, तर स्पर्धेला काय किंमत उरली असती?

हॉटेलांच्या दरांबाबत राज्य सरकारच्या हाती फार काही नाही. तो अधिकार दिल्लीतल्या आयोगाचा. टॅक्सीचे तसे नाही. ॲप कंपन्यांसाठी राज्याचा नवा मसुदा आज ना उद्या पुन्हा येईल. दाखवलेला प्रत्येक दर, त्याची वेळ आणि ठिकाण वाहतूक खात्याकडे जमा करण्याची अट परवान्यातच घालता येते. जर्मनीने पेट्रोल पंपांसाठी हे २०१३ मध्येच केले. मसुद्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा टॅक्सी संघटना भाड्याविषयी बोलतील, पर्यटन व्यावसायिक परवान्यांविषयी बोलतील. दरांच्या नोंदींविषयीचे एक कलम त्यात आहे की नाही, हे दोघांनीही पहिल्याच पानापासून शोधायला हवे.